फिल्टरचं विरजण

माझ्या हॉलमध्ये चार फुटांचा काचेचा टँक आहे आणि त्यात तीन गोल्डफिश आहेत. गोल्डफिश म्हटलं की लोकांना बरणीत गोल गोल फिरणारं बोटभर काहीतरी आठवतं. माझे तिघं तळहाताहून मोठे आहेत, सहा वर्षांचे आहेत, आणि खाण्यात व घाण करण्यात त्यांचा हात धरणारा अजून मी पाहिला नाही. मी हातकणंगल्याला एका कचेरीत नोकरी करते. दिवसभर तिथे लोकांची तोंडं बघून कोल्हापुरात घरी आले की मला आधी या तिघांची तोंडं बघायची असतात. माणसांचा नंबर त्यानंतर लागतो आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांच्या घाणीपायीच दोन वर्षांपूर्वी मी कॅनिस्टर फिल्टर घेतला. टँकखालच्या कपाटात बसणारा, घागरीएवढा काळा डबा. एका नळीनं टँकचं पाणी त्यात उतरतं, स्पंज, कापूस आणि चिनी मातीच्या बारक्या रिंगा भरलेल्या थाळ्यांतून गाळलं जातं, आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या नळीनं परत वर ढकलतो.

पहिल्या दिवशी माझी फजितीच झाली. सूचनांचा कागद वाचायचा असतो हे मला मुळात पटत नाही. झाकणाखालची रबराची रिंग मी घाईघाईत पिळून बसवली, खिट्ट्या दाबल्या, नळ्या सोडल्या आणि पाच मिनिटांत हॉलभर पाणी. नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, “आता मासेच खाली सोड.” जेवणापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी निमूट कागद वाचला. रिंग पुसली, तिला जरासं व्हॅसलिन लावलं, खाचेत नीट बसवली आणि वरचं बटण चार-पाचदा दाबलं. नळीतलं पाणी बुडबुडे ढकलत खाली आलं, डबा गुडगुडला आणि गप्प झाला. टँकच्या दुसऱ्या टोकाला धार सुटली. डब्याखाली हात फिरवला तर कोरडं. मी हॉलच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवल्या. लग्नातसुद्धा मला इतकं जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्ती हे सगळं बघत होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्याही खाली, कर्नाटकाला लागून. तिकडे सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वय बहात्तर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. टँक त्यांना कधीच आवडला नव्हता. “घरात डबकं कशाला?” हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं.

हा डबा दर दोन महिन्यांनी साफ करावा लागतो. गंमत अशी की साफ करायचा, पण स्वच्छ करायचा नाही. टँकचंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज दोन-चारदा दाबायचे, रिंगा नुसत्या हलवायच्या आणि सगळं होतं तसं ठेवून द्यायचं. नळाचं पाणी लावायचं नाही, साबण तर नाहीच. स्पंजावरच्या तपकिरी बुळबुळीत थरात जंतू राहतात आणि माशांच्या घाणीतलं विष तेच खातात. ते मेले की मासे आपल्याच घाणीत मरतात. हे मला माहीत होतं, पण घरात दुसऱ्या कुणाला मी ते कधी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर या घरात एक तरी गोष्ट फक्त मलाच यावी, अशी माझी इच्छा होती. पुढे जे झालं त्यात माझा दोष एवढा, आणि तो काही लहान नाही.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. घट बसायच्या आधी आमच्याकडे घर धुऊन काढतात. वाकळा, पडदे, डबे, फळ्या, देवघरातले टाक, कशालाही सुटका नसते. मी दिवसभर कचेरीत असते, त्यामुळे हे सगळं आत्ती कामाच्या बाईंना हाताशी धरून करतात. घर लख्ख दिसत होतं आणि मी खूश होते. मग एका सकाळी पाहिलं तर टँकचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालेलं, आणि तिन्ही मासे पृष्ठभागाला तोंडं लावून आ वासत होते.

पाण्यातलं विष तपासायची एक छोटी काचेची नळी माझ्याकडे असते. तिच्यात पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की बरं, हिरवा आला की वाईट. गर्द हिरवा आला. मी डबा उघडला. स्पंज कोरे करकरीत, रिंगा पांढऱ्याशुभ्र. बुडाला गाळाचा कण नाही.

“कुणी धुतलं हे?” मी विचारलं.

“मी धुतलो की,” आत्ती म्हणाल्या. त्यांच्या माहेरी बायका असंच बोलतात. चेहरा हसरा होता. “गरम पानी न् पावडरीनं. तीन पान्यातनं काढलो, गच्चीवर उन्हात वाळीवलो. घरातलं समदं धुतलं, तुझंच तेवढं का ऱ्हाऊ द्यायचं म्हनलं. दोन दिस झालं, बघशील आन् काय तरी म्हनशील म्हनून वाट बघतोय.”

माझी जीभ आधी धावते आणि मी तिच्या मागून. “मारलंत तुम्ही त्यांना,” मी म्हणाले. “सहा वर्षं डबकं डबकं करत होता, आता झालं मनासारखं.”

त्यांचं हसू गेलं. मला त्याच क्षणी लाज वाटली, पण माफी मागायला जीभ तेवढी चपळ नसते.

मी कचेरीत रजा कळवली. अर्धं पाणी बदललं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध घातलं, माशांचं खाणं बंद केलं. एवढ्यानं दिवसभर निभावलं असतं. नवे जंतू तयार व्हायला महिना लागतो, आणि मासे महिनाभर थांबणार नव्हते. मग मी आत्तींच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि दोन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. घाणीत काय राहतं, ते काय खातं, साबणानं काय झालं.

त्या ऐकत राहिल्या. “म्हंजे विरजनच की,” त्या म्हणाल्या. “आन् मी पातेलं घासून ठेवलो.”

“हो.”

“मग ज्याच्यात हाय त्याच्याकडनं मागून आनायचं. त्यात रडायचं काय?”

ज्याच्याकडून फिल्टर घेतला त्या दुकानदाराला मी फोन लावला. तो म्हणाला, कल्पना बरोबर आहे, पण माझ्या टँकांत सध्या औषध चालू आहे, इथलं नेऊ नका. कोडोलीला माझं एक गिऱ्हाईक आहे. याच मापाचा फिल्टर, दोन वर्षं चालू, रोगराई नाही. तुमचे स्पंज घेऊन जा आणि त्यांच्याशी बदलून आणा. त्यानंच तिकडे फोन केला. तो माणूस वारणानगरला दुपारपाळीला निघाला होता. म्हणाला, घरी आई आहे, तिला सांगून ठेवतो, कधीही या.

गाडी नवऱ्याकडे होती. तो पाच वाजता आला. त्याला टँकजवळ बादली घेऊन बसवलं आणि आम्ही दोघी निघालो. आत्तींच्या मांडीवर दोन रिकामे स्टीलचे डबे आणि पिशवीत आमचे धुतलेले स्पंज. कोडोलीत घर सापडेपर्यंत दिवेलागण झाली होती. साठीच्या एक बाई तुळशीपुढे दिवा लावून नुकत्याच वळत होत्या. मी तोंड उघडायच्या आत आत्तींनी मोठ्या आवाजात सांगून टाकलं, “कोल्हापुरातनं आलोय. तुमच्या माशांच्या डब्यातलं विरजन पायजे.”

बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “पोरगा बोललाय मला. पर विरजन म्हनतासा तर आत्ता न्हाय मिळायचं. दिवा लागलाय. सकाळी या.”

दिवा लागल्यावर घरातलं विरजण बाहेर द्यायचं नसतं, हे मलाही माहीत होतं. मी समजावायला लागले. ते खरं विरजण नाही, जंतू आहेत, स्पंजाला चिकटलेले. “जित्तं हाय न्हवं?” बाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. “वाढतंय न्हवं?” तेही खरं होतं. “मग दुसरं काय असतंय विरजन?” दुकानदारानं दिलेल्या नंबरावर मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. पलीकडून तो “आई, दे की गं” म्हणाल्याचं मलाही ऐकू आलं. “तू तुझी पाळी कर,” म्हणून बाईंनी फोन माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांसमोर ती तीन उघडी तोंडं होती. सकाळपर्यंत तिन्ही राहतील असं मला वाटत नव्हतं. राग असा चढला होता की आणखी एक वाक्य बोलले असते तर आम्हाला रिकाम्या हातानं परतावं लागलं असतं.

आत्तींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “तुमचं खरं हाय,” त्या बाईंना म्हणाल्या. “मीबी देत न्हाय दिवा लागल्यावर. तुमी देऊ नका. आमी मागत न्हाय.”

“डबा कधी उघडला हुता?” आत्तींनी विचारलं.

“तीन म्हैनं झालं असतील. पोराला सवडच न्हाय. वास याय लागलाय.”

“मग ही आमची सून डबा साफ करून देती. तुमचं घान झालेलं निम्मं स्पंज काढून घेती, त्या जागी आमचं घालती. बघा, मी पावडरीनं धुतलोय, उन्हात वाळीवलोय.” त्यांनी पिशवीतून एक स्पंज काढून बाईंच्या हातात दिला. “ही काय देवघेव न्हवं. तुमच्या घरातला मळ तेवढा आमी घिऊन जातो.”

बाईंनी स्पंज दिव्याजवळ नेला, उलटासुलटा पाहिला, वास घेतला. “लई चांगला धुतलायसा,” त्या म्हणाल्या. “घरातला मळ जात असंल तर दिवा लागल्यावर काय अन् आधी काय. या आत.”

मी आयुष्यात इतक्या आनंदानं कुणाची घाण काढली नसेल. त्यांच्या टँकचं पाणी बादलीत घेतलं, डबा उघडला आणि आतून तो काळपट तपकिरी गाळ दिसला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. निम्मे स्पंज बदलले, निम्मे त्यांच्या माशांसाठी तसेच ठेवले. रिंगा हलवून निघालेलं गढूळ पाणी दुसऱ्या डब्यात भरलं. झाकण लावलं, बटण दाबलं, त्यांची धार पहिल्यापेक्षा दुप्पट सुटली. बाई खूश झाल्या. चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

येताना गाडीत मी म्हणाले, “आत्ती, सकाळी मी फार वाईट बोलले.”

“बोललीस की,” त्या म्हणाल्या. “आता म्होरं बघून गाडी चालीव.”

घरी तिन्ही मासे जिवंत होते, नवऱ्यानं दारातच सांगितलं. कोडोलीचे स्पंज थाळ्यांत भरले, गढूळ पाणी वरून ओतलं. झाकण घेताना माझ्या लक्षात आलं की आदल्या वेळी हा डबा आत्तींनी जोडला होता. दोन वर्षं खुर्चीतून नुसतं बघून. थाळ्यांचा क्रम बरोबर, रिंग खाचेत, आणि दोन दिवसांत थेंब गळला नव्हता. मला स्वतःला पहिल्यांदा ते जमलं नव्हतं. मी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं आणि झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लावलं, खिट्ट्या दाबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बघ, शीक जरा.”

पुढचे दिवस रोज थोडं पाणी बदलायचं आणि नळीत थेंब टाकायचे. गर्द हिरवा, हिरवा, मग पोपटी. मी उठायच्या आत आत्ती टँकपाशी असायच्या आणि स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, “तिन्ही हायत.” घट बसले, माळा चढत गेल्या, आणि पाणी काचेसारखं नितळ होत गेलं. एकाच्या शेपटीची कड तेवढी झडली.

खंडेनवमीच्या सकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. पाच मिनिटं थांबले, दहा थांबले, तरी पिवळंच. मी टाळ्या वाजवल्या. आत्तींनी नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली आणि शेजारणीला तिथूनच सांगितलं की आमचे तिन्ही वाचले. कोण तिघं हे तिला कळेना, तेव्हा आत्तींनी तिला कोडोलीपासून सगळं ऐकवलं, आणि त्यात माझं त्या दिवशी सकाळचं बोलणं तेवढं गाळलं. ते ऐकत मी आत पोळ्या लाटत होते आणि रडत होते.

नंतर हत्यारांची पूजा मांडली. कोयता, विळी, नवऱ्याचे पाने, अंगणात गाडी. सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं आणि आत्ती वाटी घेऊन टँककडे आल्या. गुडघे धरत जमिनीवर बसल्या, कपाटाचं दार उघडलं. “वरनंच लावतो,” त्या म्हणाल्या. “आत हात घालत न्हाय, भिऊ नको.”

“घाला, आत्ती,” मी म्हणाले. “पुढच्या महिन्यात साफ करायचाच आहे. मी कचेरीत असेन, तुम्हीच करा.”

त्यांनी झाकणाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. “पर घान ठेवायची न्हवं?”

“घाण ठेवायची.”

“बरं,” आत्ती म्हणाल्या, आणि उठायला माझ्यापुढे हात केला.