ताटातली पगडी

आमचे मामंजी, सूर्याजी शितोळे, ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात पगड्या बांधतात. स्वभाव तिखट. कोणाच्या डोक्यावर पगडी जरा वाकडी दिसली, तर भर मांडवात जाऊन सरळ करतील.

गेल्या हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीला करार करायला आले होते. तिथून ते आमचा किल्ला बघायला येणार होते. त्यांच्यासाठी दरबारी थाटाच्या शिंदेशाही पगडीची ऑर्डर आली. डोक्याचं माप आलं, पगडी तयार झाली, आणि आदल्या दिवशी स्वागताचे अधिकारी दुकानात आले.

"काका, साहब पहनेंगे नहीं. त्यांच्याकडे पेट्रोल महागलंय, लोक रस्त्यावर उतरलेत. राजासारखा फोटो छापून आला तर खुर्ची जाईल. आपण ताटात ठेवून भेट देऊ."

"ताटात?" मामंजी उसळले. "आमच्याकडे ताटात पगडी येते ती बाप गेल्यावर, तेराव्याला, मुलाला बांधायला. जित्या पाहुण्यापुढे ते ताट धरायचं?"

"सरकारी काम आहे, काका."

"मग सरकारनं शाल द्यावी!"

शाल दिली. पाहुणे गेले. पगडी दुकानातल्या काचेच्या कपाटात राहिली. परवा एका नवरदेवाला ती अगदी बरोबर बसली, तर मामंजींनी त्याच्या डोक्यावरून काढून घेतली.

"ते साहेब आता कशाला येतायत?" मी म्हटलं.

"खुर्ची गेली की येतील. डोकं तर त्यांचंच राहील ना? इथल्या महाराजांची गादी गेली, पगडी गेली का? ग्वाल्हेरची सून तू, आणि हे मी सांगायचं?"