कात्रीवाल्या मामांनी कापलेला बहर

गल्लीत सगळे त्याला कात्रीवाले मामा म्हणत. चाळीस वर्षं सलूनमध्ये उभं राहून लोकांची डोकी सुधारली, बाहेरून तेवढी, असं तो स्वतःच सांगायचा. घरात मात्र बायकोपुढे त्याची मान खाली. ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की ती फैलावर घ्यायची.

तिचा जीव खिडकीखालच्या झुडपात. थंडीत ते पानं गाळून नुसत्या काड्यांची जुडी होऊन बसायचं, आणि ऊन तापायच्या आधी असं फुलायचं की जाणाऱ्यानं थबकावं. खत, पाणी, कीड सगळं तीच बघायची. त्याला हात लावू द्यायची नाही. यंदा थंडीत ती दवाखान्यात पडून होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर तीन महिने. तिचं एकच मागणं होतं, "फुलं बघायला घरी न्या हो."

ती यायच्या आदल्या दिवशी यानं कात्री काढली. केस कापले की दाट येतात, हे त्याचं जन्माचं शास्त्र. झुडपाला वेगळं ते काय असणार! शहाण्यानं ते गोल, मापात कापलं. ती आली, खिडकीतून बघितलं, कापलेल्या टोकांवरून नजर फिरवली. "छान केलंत," म्हणाली.

पानं आली. शेजारची झुडपं फुलली, हे ढिम्म. शेवटी तो रोपवाटिकेत गेला. तिथल्या बाईनं कपाळावर हात मारला. "अहो मामा, गेल्या वर्षीच्या काड्यांवरच याला कळ्या धरतात. फुलं संपल्यावर कापायचं असतं हे. सगळा बहर केरात घातलात की!"

तो तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडला. मग एक फुललेली फांदी मागून आणली आणि झुडपाला दोऱ्यानं बांधली.

ती खिडकीतून बघत होती. "टकलावर टोप चढवलात होय त्याच्या?" म्हणाली, आणि खोकला लागेपर्यंत हसली.

"अगं, माझ्या हातून..."

"आल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस? चार शिव्या तरी घालायच्या!"

"घातल्या असत्या, तर मी गेल्यावर तुम्ही तेच उगाळत बसला असता."

फांदीनं दोन दिवसांत मान टाकली. चौथ्या दिवशी तीही गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एवढंच सांगत राहिला, "तिला फुलं बघायची होती हो. बाकी काही मागितलं नव्हतं तिनं."