चाळीस मिनिटं न हलता

राणी,

हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी वाचणार आहेत बाकीचे. त्यामुळे तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही मी सांगणार. मध्येच ‘हे काय ताई, मला माहितीये की’ म्हणायचं नाही. तुझं खरं नाव घालत नाही. सिनेमाच्या पोस्टरवरही नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडणार नाही.

राणी हे नाव नाटक मंडळानं दिलेलं. तू माझ्या समोरच्या दारात राहतेस. इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत सव्वीस वर्षं काम करतेस. ओल्या चादरी रोलरच्या इस्त्रीत एका बाजूनं सारायच्या आणि दुसऱ्या बाजूनं कडक करून ओढून काढायच्या. वाफ आणि ब्लीच मिळून तुझी छाती कधीचीच कामातून गेली आहे. जिना चढून आलीस की दम खात दारापुढे थांबतेस आणि थांबल्याचं कळू नये म्हणून उगाच पर्समध्ये किल्ल्या शोधतेस. किल्ल्या तुझ्या हातातच असतात, हे मी दाराच्या भोकातून कितीदा पाहिलंय. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, तळघर सोडा. तू म्हणालीस, “सोडते की. घर तुम्ही चालवा.”

रविवारी संध्याकाळी मात्र शाळेच्या सभागृहात तू राणी असायचीस. उंची आहे, मान ताठ आहे, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. मंडळाचा एक जुना रिवाज होता, आणि मला तो तेव्हा फार शहाणपणाचा वाटायचा. ज्याची जेवढी पानं, त्याला तेवढं मानधन. संहितेत संवादांची पानं मोजायची आणि तिकिटांचे पैसे त्या हिशेबानं वाटायचे. भालदाराला फक्त चहा. भांडण नाही, तंटा नाही. तुझी पानं नेहमी सगळ्यांत जास्त असत, त्यामुळे तुझीही तक्रार नव्हती.

मग तो दिग्दर्शक आला. खांद्याला पिशवी, दाढी चार दिवसांची, आणि एकूण पैसा इतका कमी की भुताटकीचा सिनेमा त्यानं त्याच्या मावशीच्या रिकाम्या घरात काढायचा ठरवला होता. त्याला हवी होती जिन्याखालची बाई. ती बोलत नाही, धावत नाही. पाठमोरी उभी असते आणि मान वळवते. बस.

तू माझ्याकडे आलीस ती हसतच.

“ताई, एकही वाक्य नाही हो!”

“मग काय करणार तिथे?”

“मान वळवणार.”

“त्याचे देणार किती?”

“रोजचा भत्ता, जेवण, जायला-यायला गाडी. आता मान वळवण्याचे आणखी काय मागायचे? लाज वाटते. पान तरी आहे का माझं एखादं?”

मीही हसले. मी पदवीधर, तीस वर्षं वाचनालय सांभाळलेली, आणि मलाही वाटलं, खरंच की, पान कुठाय?

करारपत्र तू माझ्याकडून वाचून घेतलंस. हे मी लपवणार नाही. दीड पानाचा कागद होता. अर्ध्या पानावर लिहिलं होतं की कलाकाराची प्रतिमा आणि तिच्यावरून तयार केलेली प्रत्येक वस्तू निर्मात्याच्या मालकीची राहील. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी म्हटलं, “असलं सगळ्याच कागदांत असतं गं. कर सही आणि मोकळी हो.” तू केलीस आणि मोकळी झालीस.

चेहऱ्याचा साचा घ्यायला मी तुझ्याबरोबर आले होते. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे रंगभूषाकाराचं गॅरेज होतं. फळ्यांवर हात, कान, कवट्या. त्यानं तुझ्या केसांवर प्लॅस्टिकची टोपी चढवली, नाकात दोन नळ्या घातल्या आणि थंड लगदा चेहऱ्यावर थापला, त्यावर प्लॅस्टरच्या पट्ट्या. “हलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं तर नाहीच,” तो म्हणाला. “जखम चिकटवायला नुसता कपाळाचा तुकडा हवाय खरं तर, पण अख्खा चेहरा मिळाला तर बरं. हिरॉइनी दहाव्या मिनिटाला ओरबाडून काढतात.”

तुझा हात माझ्या हातात होता. गुदमरलं तर दोनदा दाब, असं ठरलं होतं. त्या दोन नळ्यांतून तुझी ती छाती शिट्टीसारखी वाजत होती. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, “काढायचं का?” तू एकदाही दाबलं नाहीस. चाळीस मिनिटं. साचा निघाला तेव्हा त्यात तुझ्या भुवईतला केसन्‌केस उमटला होता. रंगभूषाकार म्हणाला, “बाई, असा साचा मी आयुष्यात काढला नाही.” आणि तू चेहऱ्यावरचा लगदा पुसत अशी खूश झालीस, जशी पहिल्या अंकाला टाळी मिळाल्यावर व्हायचीस.

सिनेमा चालला. नुसता चाललाच नाही, लोक रांगा लावून पुन्हा पुन्हा घाबरायला जाऊ लागले. तू मान वळवतेस तो क्षण आला की सगळं थिएटर किंचाळायचं. ती मान तू ज्या संथपणे वळवलीस ना, खांदा आधी, मग हनुवटी, डोळे सगळ्यांत शेवटी, ते तीस वर्षं राण्या केल्याशिवाय येत नाही. तुझा चेहरा बसवर आला, बनियनांवर आला, आपल्या वाण्याच्या कॅलेंडरवरसुद्धा आला. लाँड्रीतला मुकादम म्हणाला, “आता वळून बघू नकोस हं बाई, चादरी पडतील हातातून.” तू हसलीस. त्याच चादरी, तीच वाफ.

तुझी लेक बोलली तेव्हा तू जागी झालीस. “आई, पिक्चर सगळ्यांनी तुझ्यामुळे पाहिला. आणि तू अजून तळघरातच?”

आपण दोघी निर्मात्याकडे गेलो. नव्या ऑफिसात, नव्या सोफ्यावर. त्यानं तुला वाकून नमस्कार केला.

“आई, तुम्ही तर घरच्या!”

“घरच्यांना काय देता तुम्ही?” तू विचारलंस. मला तुझा इतका अभिमान वाटला.

तो खळखळून हसला. “जीव देतो, आई!”

“जीव ठेवा तुमच्याकडे. नफ्यातला वाटा द्या थोडा. नोकरी सुटेल एवढा.”

“पण आई, खरं सांगा, तुमचा संवाद किती होता? हिरो-हिरॉइन, दोन्ही पोरांनी ऐंशी ऐंशी पानं पाठ केली. त्यांनाही भत्ताच दिलाय. ती काही बोलली का?”

त्यानं तुझाच रिवाज तुझ्यापुढे ठेवला होता, आणि त्याला तो माहीतही नव्हता. मी पर्समधून कागद काढला आणि म्हटलं, यात नफ्याबद्दल काहीच कसं नाही? त्यानं तो हातात घेऊन अगदी मायेनं ते अर्धं पान मला वाचून दाखवलं. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. मग म्हणाला, “दुसरा भाग काढतोय. आई हव्यातच. भत्ता तोच, पण जेवणात आइसक्रीम.”

“आधी वाटा लिहून द्या,” तू म्हणालीस, “मग मान वळेल.”

“विचार करा, आई. माझा काही राग नाही.”

त्याला खरोखरच राग नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आपण मात्र जिना उतरताना अगदी विजयी. तू म्हणालीस, “येईल बघा धावत. माझ्याशिवाय काढतोय कसला!” मीही म्हटलं, नाक मुठीत धरून येईल.

सात महिन्यांनी दुसरा भाग लागला. आपण दुपारच्या खेळाला गेलो, तिकीट काढून. अर्ध्या तासानं जिन्याखाली तू उभी होतीस. तुझी भुवई, तुझे गाल, हनुवटीवरचा तो व्रण. मान वळली, लोक किंचाळले. मी तुझ्याकडे पाहिलं. अंधारात तू पडद्याकडे बघत होतीस, शिकवणीच्या बाईसारखी.

“घाई केली पोरीनं,” तू म्हणालीस. “डोळे आधी आले.”

तुझ्या साच्यावरून त्यांनी रबराचा चेहरा ओतला होता आणि कुठल्याशा बारीक चणीच्या मुलीला चढवला होता. साचा इतका चोख निघाला होता की तुझी गरजच उरली नव्हती. बाहेर आल्यावर तू विचारलंस, “तिला किती दिले असतील हो?” लेकीनं कुठून तरी शोधून काढलं. तुझ्याहूनही कमी. मुलीचा चेहराच दिसत नाही, मग तिला कशाचे द्यायचे, असं म्हणे.

कलाकार संघाच्या कारकुनानं आपल्याला उभ्यानंच ऐकून घेतलं. “बाई, कागदावर सही तुमची आहे.” मग कागद उलटसुलट केला. “एकच धागा आहे. साचा फक्त पहिल्या भागापुरता, कपाळाच्या कामासाठी घेतला होता, असं रंगभूषाकारानं लिहून दिलं तर नोटीस पाठवता येईल. तो देईल का लिहून?”

“देईल,” तू म्हणालीस. “भला माणूस आहे.”

“नोटिशीनं काही मिळेलच असं नाही हं.”

“मिळेल कुठून? विचारलं तरी जाईल.”

गुरुवारी तुझी सुट्टी असते. गुरुवारी जायचं ठरलं. पहिल्या गुरुवारी माझे डोळे तपासायचे होते. दुसऱ्या गुरुवारी तुला मुकादमानं बदली पाळीला बोलावलं. तिसऱ्या गुरुवारी तू म्हणालीस, “ताई, त्याच्याकडे निर्मात्याचंच काम असतं. लिहून दिलं तर त्या बिचाऱ्याचं काम जाईल.” मी म्हटलं, त्याचं तो बघेल. पण जोर करून म्हटलं नाही. त्या गॅरेजमध्ये कपाळाचा तुकडा की अख्खा चेहरा, हे कागदावर लिहून घ्यायचं मला तेव्हाच सुचायला हवं होतं. तिथे जाऊन काय तोंड दाखवू? चौथ्या गुरुवारी तू सरळच सांगितलंस, “तिथे फळीवर मी असेन. मला नाही बघायचं.”

तरी या गुरुवारी जायचंच, असं काल जिन्यात ठरलं होतं. मी दहाच्या बससाठी साडेनवालाच साडी नेसून, चपला घालून बसले. तुझ्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तू होतीस. दहा वाजले, अकरा वाजले. तू आली नाहीस. आणि मीही दार वाजवलं नाही. मधे चार पावलांचं अंतर आहे, राणी. बारा वाजता मी चपला काढल्या.