आईचे जाडजूड शेंगोळे

मंडळी, आज सकाळी मी पहिल्यांदाच हुलग्याचे शेंगोळे केले. पीठ तळहातावर छान बारीक, एकसारखं वळलं आणि लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलं. पण आईची चव काही आली नाही.

मग शिरूरला आईलाच फोन लावला. "आये, तुझे शेंगोळे जाडजूड असायचे. ते कावून गं?"

आई हसली. "आगं, दिवसभर ऊस तोडून हाताला चिरा पडायच्या. बारीक वळाया गेलं की पिठातलं तिखट-मीठ लई झोंबायचं."

आणि मी ऊसतोडीच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून सगळ्यात जाड शेंगोळ्यासाठी भावाशी भांडायचे!

"आता हात बरे हायेत. ये, बारीक करून घालते," आई म्हणाली.

मला तर जाडच हवेत. पण आता ते तिला कोणत्या तोंडानं सांगू?