हिरवी वायर

हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांत बसून चढल्यावर नाही, तापात बरळतानाही नाही — निदान तशी आशा आहे. आज बोलतोय, कारण भीती वाटतेय. निगडीहून निघालेली बस तळवड्याच्या अलीकडे अडकलीय, पुढे कुठलातरी ट्रेलर आडवा झालाय, आणि मला महाळुंग्याला पोचायचंय. फोनवर टाइप करतोय. चुका होतील.

मी कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना हात पुढे करून शपथ घ्यायला लावतो, तो मीच. ‘सेफ्टी बायपास करणार नाही’ हे वाक्य मी इतक्या खणखणीत आवाजात म्हणतो, की नवी पोरं गालात हसतात. हसू देत. त्यांना काय माहीत?

सुरुवात मिलिंदपासून करायला हवी. माझा जिवाभावाचा दोस्त. एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला लागलो. तो वेल्डिंगला होता, पण जीव सगळा गिटारमध्ये. जयंतीच्या कार्यक्रमांना त्यांची गायन पार्टी असायची, त्यात हा गिटार वाजवत गायचा. गिटार जोडायला त्याच्याकडे व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला. काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर झाले की असा गोड आवाज निघायचा, राव, काय सांगू! पण म्हातारं धूड ते. कधी करकर, कधी खरखर, कधी नुसतंच घूंऽऽ. त्याचा डॉक्टर मी. पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारायची, जो स्पीकरमधून टणकन बोलेल तो बदलायचा. खरखर असली तर पिना घासून स्वच्छ करायच्या. घूं मात्र चिवट. त्याचं मूळ शोधायला वेळ लागतो.

त्या संध्याकाळी वेळ नव्हता. निघोज्यात कार्यक्रम, मैदान गच्च. अ‍ॅम्प साउंडवाल्यांच्या मिक्सरला जोडला की घूं. केबल बदलली, व्हॉल्व्ह बदलले — काही फरक नाही. निवेदकाचं ‘थोड्याच वेळात, थोड्याच वेळात’ चाललेलं, पोरं शिट्या मारतायत, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. एक युक्ती मला माहीत होती. साउंडवाल्यांत बऱ्याच जणांना माहीत असते. थ्री-पिन उघडायची, वरच्या जाड पिनेला लावलेली हिरवी वायर सोडवायची. अर्थची वायर. तिला टेप गुंडाळायची, झाकण लावायचं, बस्स.

केलं मी ते? हो. केलं.

घूं गायब! मिलिंदने पाठीत धपका घातला — “संज्या, जादूगार आहेस लेका!” आणि मी, लाज वाटते सांगायला, फुशारलो.

ते घूं कसलं होतं ते मला नंतर कळलं. आतला एक जुना कपॅसिटर गळत होता. त्यातून करंट अ‍ॅम्पच्या पत्र्यात उतरायचा आणि हिरव्या वायरीतून जमिनीत जायचा. ती वायर मी काढली. आता करंट थेट गिटारच्या तारांपर्यंत आला होता, आणि तारांवर मिलिंदची बोटं होती. पहिली ओळ गायला त्याने ओठ माइकला टेकवले. माइकची जाळी लोखंडी, आणि जमिनीशी जोडलेली.

तो ओरडला नाही. तेच भयंकर होतं. नुसता ताठ झाला, डोळे माझ्याकडे, आणि डावा हात गिटारवरून सुटेना. कुणीतरी मेन स्विच पाडला तेव्हा तो खाली कोसळला.

पण माझा खरा गुन्हा हा नाही. म्हणजे — आहे. पण हा मूर्खपणा झाला, आणि मूर्खपणा मी केव्हातरी कबूलही केला असता, अशी स्वतःची समजूत घालत आलोय. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

त्याला जीपमध्ये घातलं. वहिनी अनवाणी धावल्या. पार्टीतले मला म्हणाले, चल. मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी सामान आवरतो.” जिवाभावाचा मित्र जगतो की मरतो माहीत नाही, आणि मी स्टेजमागे उकिडवा बसून थ्री-पिन उघडत होतो. हिरवी वायर जागेवर बसवली. स्क्रू आवळला. टेपचा तुकडा खिशात घातला. हात अजिबात थरथरत नव्हता तेव्हा. कसा नव्हता?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मलाच विचारलं, कंपनीचा इलेक्ट्रिशियन ना मी! मी चारचौघांत थ्री-पिन उघडून दाखवली. बघा, अर्थ जागेवर आहे. लफडं जनरेटरमध्ये असणार. जनरेटर बाळूभाऊंचा, निघोज्याच्या मंडपवाल्यांचा. हात जोडून सांगत होते बिचारे — “न्हाई वो, माझी लाइन नीट हाय, येकदा तपासा तरी!” कुणी तपासलं नाही. पोरांनी त्यांची गचांडी धरली. मी बाजूलाच उभा होतो, हाताची घडी घालून. त्यानंतर त्या भागात त्यांना कुणी काम दिलं नाही. आता महाळुंग्याच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मी दिसलो की उठून सलाम करतात. मला!

मिलिंद वाचला. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. वेल्डिंग सुटलं, स्टोअरमध्ये बसतो. गिटारचं तर विचारूच नका. अ‍ॅम्प मी ‘चेक करायला’ म्हणून घरी नेला, गळका कपॅसिटर गुपचूप बदलला आणि अ‍ॅम्प चांगला आहे म्हणून परत दिला. तो म्हणाला, “तू होतास म्हणून, भावा.”

आता प्रज्ञा. त्याची लेक, कॉलेजात आहे, बापाची गिटार वाजवते. आज संध्याकाळी महाळुंग्याच्या हॉलवर तिचा पहिला कार्यक्रम. अ‍ॅम्प काकाशिवाय कुणाकडे न्यायचा नाही, अशी बापाची ताकीद. रविवारी मी सुकलेले कपॅसिटर बदलून दिले, घरी आवाज एकदम स्वच्छ होता. आणि आज तिचा मेसेज —

“काका, मिक्सरला जोडलं की घूं येतंच. व्हिडिओत सांगतात, अर्थ काढला की जातं. काढू का? बाबांच्या वेळी अर्थ होताच की, काय उपयोग झाला?”

वाचलंत? माझं खोटं त्या घरात इतकी वर्षं खरं म्हणून राहिलं, आणि त्या पोरीला हे शिकवून बसलं, की ती वायर काही कामाची नाही.

लिहिलं, हात लावू नकोस, निघालोय. तिने लिहिलं, “बरं. पण का, ते तरी सांगा.” आणि मग — “बाबा म्हणतात, काका सांगतील तसंच करायचं.”

तसंच करायचं! आज मी ‘नियम आहे’ म्हणालो तरी ती ऐकेल. पण पुढच्या कार्यक्रमाला? मी तिथे नसेन, घूं असेल, हातात स्क्रूड्रायव्हर असेल, आणि तिला बापाची गोष्ट आठवेल. मी सांगितलेली. पुढचा ट्रेलर जागचा हलत नाही.

पाठवलं. आत्ताच, हे लिहिता लिहिता. “प्रज्ञा, त्या दिवशी अर्थ नव्हता. मी काढला होता. बाबा पडल्यावर परत लावला आणि नाव बाळूभाऊंचं घेतलं. बाबांना वाचून दाखव.”

दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.

बस हलली. हॉल स्टॉपला लागूनच आहे, आधी तिथे उतरेन. बाळूभाऊंची ड्युटी कुठल्या गेटवर असते, तेही मला माहीत आहे.