उटण्याविना भाऊबीज

नांदेडच्या बाजारात दिवाळीच्या तोंडावर उटण्याच्या पुड्या मांडल्या, की नागरमोथ्याचा आणि कचोऱ्याचा वास रस्त्यावर येतो. तुम्हाला तो सणाचा वाटत असेल. मला मात्र अजून धास्ती वाटते, कारण पाटावर रुसून बसलेला धाकटा भाऊ डोळ्यांपुढं येतो.

तो जन्मला तोच एक गुणसूत्र जादा घेऊन, डाऊन सिंड्रोमचा. चाळिशी आली तरी रुसवा लहान लेकराचाच. थायरॉईड आणि मधुमेह मागोमाग आले, आणि ज्या वर्षीचं हे सांगतेय, त्या वर्षी कोपरांवर, पाठीवर सोरायसिसचे लाल, खपल्या धरलेले चट्टे उठले. चोळाल, खरवडाल तिथं नवे उठतील, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे उटणं बंद. आणि आमच्याकडं भाऊबीजेला बहिणींनी तेल-उटणं लावून न्हाऊ घातल्याशिवाय भाऊ तोंडात घास घालत नाही.

त्या भाऊबीजेच्या सकाळी त्याला इन्सुलिनची सुई देऊन झाली होती. तो उघड्या पाठीनं पाटावर बसला. लातूरहून आलेली आमची चुलत बहीण तेल-उटण्याची वाटी घेऊन पुढं झाली, चट्टे पाहिले आणि मागं सरली.

"ते कुणाला लागत नसतंय," मी म्हटलं, "पर उटणं नको."

त्याला एवढंच दिसलं, की दोघी बहिणी हात आखडून उभ्या आहेत.

"आधी खाऊन घे की रं," मी विनवलं.

"न्हाई. आंघुळ."

बघता बघता त्याच्या कपाळावर घाम फुटला, ओठ थरथरू लागले. सुई झालेली, पोटात घास नाही; रक्तातली साखर उतरत होती. मी साखरेचं पाणी पुढं केलं, तर त्यानं दात घट्ट आवळले. मी तेलात बोटं बुडवली, पण त्यानं माझा हात झटकला. पाठ दरवर्षी चुलत बहीणच चोळायची. तिनं माझ्याकडं पाहिलं, खोबरेल तळहातावर घेतलं आणि न चोळता नुसता हात त्याच्या पाठीवर ठेवला. त्यानं तोंड उघडलं. मी पेला लावला.

तो सावरल्यावर ती नळाशी जाऊन साबणानं हात धुऊ लागली, पुन्हा पुन्हा. मला भयंकर राग आला. त्याला वाटलं, हाही सणाचाच भाग. तो तांब्या घेऊन तिच्यामागं गेला.

"थांब अक्का, मी पाणी घालून राहिलो," म्हणाला आणि मन लावून तिच्या हातांवर धार धरत राहिला. तिला मान वर करता येईना.

चट्टे थंडीत वाढतात, उन्हाळ्यात ओसरतात. पुरते जात नाहीत. आम्ही सगळेच त्यांच्यासोबत वयानं वाढलो. ती अजून दरवर्षी येते, तेलाचा हात त्याच्या पाठीवर ठेवते आणि मग तसाच पदराला पुसते.