चुकीच्या हंगामातली हाक

लीड्सच्या अलकाताईंना रानटी टर्की पक्ष्याबद्दल जेवढी माहिती आहे, तेवढी वरणभात खाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही बाईला नसेल. ही माहिती त्यांनी मागितलेली नव्हती. त्यांचे यजमान डॉक्टर शशी भूलतज्ज्ञ. हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना झोपवत आले आणि घरी मात्र कुणाला स्वस्थ बसू देत नसत. नागपूरच्या माणसाला शिकारीचा नाद लागायचं काही कारण नव्हतं. पण धाकटा भाऊ मिलिंद पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाला, एकदा तिथल्या रानात ह्यांना घेऊन गेला, आणि डॉक्टर जे बिघडले ते बिघडलेच.

इंग्लंडात रानटी टर्की नाही. इथली टर्की डिसेंबरात सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये भेटते, तीही मुंडक्याशिवाय. डॉक्टरांना त्यात अडचण दिसली नाही. वसंतात आणि पानगळीत ते मिलिंदकडे जात आणि उरलेलं वर्ष दिवाणखान्यात सराव करत. सरावाचं साधन म्हणजे तळहातात मावेल अशी पाटीच्या दगडाची चकती आणि एक लाकडी काडी. काडी चकतीवर घासली की टर्कीचा आवाज निघतो. ताईंच्या मते तो तेल न घातलेल्या फाटकाचा आवाज होता.

"अहो, शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी काही टर्की नाहीत. त्यांना काय कळतंय?"

मग शास्त्र सुरू व्हायचं. वसंतात मादीची हाक द्यायची, काडी चकतीच्या मधोमध घासायची, की नर पिसारा फुलवून येतो. पानगळीत हे चालत नाही. तेव्हा आधी कळप उधळून लावायचा. पिल्लं चहूकडे पांगली की जिथून ती पांगली, नेमकं तिथेच झाडाला टेकून बसायचं. मग काडी चकतीच्या कडेला घासून हरवलेल्या पिल्लाची बारीक शीळ काढायची. पांगलेले सगळे परत त्याच जागी येतात. "शोधत फिरतो तो मूर्ख," डॉक्टर सांगायचे. ताई भाजी चिरत असायच्या आणि आपण ऐकत नाही असं दाखवायच्या.

एवढ्या शास्त्रातून शिकार मात्र एकदाच झाली. तिचा फोटो खालच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये आहे, कारण दिवाणखान्यात लावायला ताईंनी साफ नकार दिला.

फेब्रुवारीत डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने सावरला, उजवा हात लुळा राहिला आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द तेवढा मागे राहिला, 'बरं'. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, पण तोंडातून निघायचं ते 'बरं'. चहा हवा का? बरं. नको का? बरं. दारावर खिडक्या विकायला आलेल्या पोरालाही ते बरं म्हणाले, आणि ते प्रकरण निस्तरता निस्तरता ताईंच्या नाकी नऊ आले.

लग्न झाल्यापासून ताईंचं एकही वाक्य डॉक्टरांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. आमटीतलं मीठ असो की मोटरवेचं वळण, सुरुवात 'नाही'पासूनच व्हायची. आता सगळ्यालाच बरं. मैत्रिणी म्हणाल्या, अलका, नशीब काढलंस, नवरा ऐकायला लागला. ताईंना त्यात काडीचाही विनोद दिसला नाही. त्यांना त्या 'नाही'ची इतकी आठवण यायची की त्या मुद्दाम चुकीचं बोलायच्या. मंगळवारी म्हणायच्या, "आज बुधवार ना?" डॉक्टर म्हणायचे, "बरं." मग त्या स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या आणि बाहेर येऊन मंगळवारची कामं करायच्या.

मुलगा सुयश तिकडे लंडनजवळ ब्रॅकनेलला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. जन्म लीड्सचा, पण आईशी नेटाने, चुकतमाकत मराठी बोलतो. चांगला मुलगा आहे, म्हणजे लांबून काळजी करतो आणि फोनवर योजना सांगतो. बाबांना आपल्या घराजवळच्या केअर होममध्ये ठेवायचं, ही त्याची ताजी योजना.

"आई, तुझा पाठ बघ. बाबांना उचलताना तूच पडशील. होम आमच्यापासून टेन मिनिट्स आहे. तू आमच्याकडे राहा, रोज व्हिजिट कर."

"आणि बाबांना विचारलंस?"

"विचारला ना, व्हिडिओ कॉलवर. बरं म्हणाले."

ताईंना ते दोन घरांत राहणं नको होतं. डॉक्टरांना काय हवं होतं, ते डॉक्टरांनाच माहीत. रविवारी सुयश गाडी घेऊन येणार होता, दोघांना नेऊन जागा नक्की करायला.

त्याआधीच्या शुक्रवारी दोघं नेहमीसारखी राउंडहे पार्कात गेली. ऑक्टोबर सरत आला होता, पानांचा खच पडला होता. डॉक्टरांना तळ्याजवळच्या बाकावर बसवून ताई चहा आणायला गेल्या. रांगेतल्या पुढच्या बाईला दूध ओटचं घ्यावं की बदामाचं हे काही केल्या ठरवता येईना. ताई दोन कप घेऊन परतल्या, तर बाक रिकामा. काठीही नव्हती.

नवऱ्याला नावाने हाक मारायची सवय ताईंना नव्हती आणि सत्तरीत, भर पार्कात, ती लावून घ्यायचा धीर होईना. "अहो!" त्या ओरडल्या. एक जॉगर थांबला आणि दोन कुत्री आली. "अहो!" कुत्री बसली.

तेवढ्यात फोन वाजला. सुयश.

"आई, कुठे आहे तू?"

"पार्कात."

"आणि बाबा?"

"तेही पार्कातच."

यात खोटं काही नव्हतं, निदान नसावं अशी ताईंची आशा होती. बाबा हरवले हे सुयशला कळलं असतं, तर रविवारपर्यंत थांबायचीही गरज उरली नसती. "ओके, संडेला मी अर्ली निघतो," तो म्हणाला. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि हाताला काडीसकट दगडाची चकती लागली. आवडीची वस्तू जवळ ठेवा, असं स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं. ताईंनी ती महिनोन् महिने वागवली होती. डॉक्टर मात्र दर वेळी डाव्या हाताने बाजूला सारायचे आणि बरं म्हणायचे. उजव्या हातात काडी धरवत नव्हती, त्याचा राग असावा.

ताई तळ्याकडे धावायला निघाल्याच होत्या. शोधत फिरतो तो मूर्ख. त्या मागे फिरल्या आणि त्याच बाकावर बसल्या. कप बाजूला ठेवले, चकती तळहातावर धरली आणि काडी घासली. फाटक कुरकुरलं. पुन्हा घासली. प्रॅम ढकलत येणारी एक बाई पलीकडच्या वाटेने गेली. एक गृहस्थ अदबीने वाकून म्हणाले, "आर यू ऑल राइट, लव्ह?"

"आय ॲम कॉलिंग माय हजबंड," ताईंनी खरं ते सांगितलं.

"राइट," म्हणून ते गृहस्थ झपाझप पुढे गेले.

चहा निवला. समोर तळं होतं आणि त्या तिकडे बघत नव्हत्या. त्या घासत राहिल्या.

मग पानांवर काठीचा आवाज आला. झुडपांमागून डॉक्टर येत होते, सावकाश, बूट चिखलाने माखलेले, आणि चेहरा शिकाऊ डॉक्टरने सलाईन चुकीचं लावल्यावर व्हायचा तसा. ते धापा टाकत बाकावर बसले.

"कुठे गेला होतात? जीव जायची वेळ आली माझा! काही झालं असतं म्हणजे?" ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

डॉक्टरांचं लक्ष ताईंच्या हाताकडे होतं. काडी चकतीच्या मधोमध होती. त्यांचा जबडा हलला, ओठ वाकडे झाले. ताई 'बरं'ची वाट बघत होत्या.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी डावा हात ताईंच्या हातावर ठेवला, काडी कडेला ओढली आणि पायाखालच्या पाचोळ्याकडे मान हलवली. दोघांच्या हातांनी मिळून काडी घासली. बारीक शीळ निघाली. ताईंनी ऐन ऑक्टोबरात वसंतातली हाक दिली होती. नर यावा म्हणून मादी देते ती. त्या वयातही त्यांचे कान तापले.

"आलात ना पण?" त्या म्हणाल्या.

आता 'बरं'सारखा 'नाही'ही अडकून बसला असेल तर? त्यांनी कप पुढे केला. "गार झालाय. घेता?"

"बरं." डॉक्टरांनी चहा प्यायला.

ताईंनी डोळे पुसले, सुयशला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणाल्या, "बाबांना तो होमचा प्रश्न परत विचार."

"पण आई, आपलं ठरला आहे."

"विचार तू."

"ओके. बाबा, संडेला आपण होम बघायला जायचं ना?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. ताईंच्या हातातल्या चकतीकडे पाहिलं. पुन्हा जबडा हलला, पुन्हा वेळ लागला, आणि ब्रॅकनेलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "नाही."

"आई," सुयश हळूच म्हणाला, "बाबा नाही म्हणाले?"

"ते असंच म्हणतात," ताई म्हणाल्या. "लहानपणी ऐकलंयस की तू."

घरी जाताना ताईंनी डॉक्टरांचा हात सोडला नाही आणि वाटेभर धडधडीत चुकीचं बोलत राहिल्या. आज बुधवार आहे. ते समोरचं झाड आंब्याचं आहे. घर डावीकडे आहे. प्रत्येक वेळी वेळ लागत होता, आणि प्रत्येक वेळी त्या थांबत होत्या. डॉक्टरांनी एकही वाक्य सोडलं नाही.